जुन्या कार्टूनात भाऊ असा नव्हता

४ फेब्रुवारी

वाटोळं केलं! पार वाटोळं! लहानपणी दादा आणि मी हातातला घास हातातच ठेवून जे कार्टून बघायचो, त्याचं नवं अ‍ॅनिमे आलंय. दादाच्या मोबाईलवर केवढ्या हौसेनं लावलं. जुन्यात धुक्यातला राक्षस गावाकडे एक मुलगी मागतो, आणि भाऊ बहिणीचा हात धरून डोंगरात पळतो. रोज नवं संकट, रोज सुटका. नव्यात? पहिल्याच भागात भाऊ स्वतः तिला राक्षसाकडे जाणाऱ्या नावेत बसवतो! गाणं नाही, हसू नाही, सगळं काळं-करडं.

मी ओरडलेच. दादा म्हणाला, "पुढं पाह्य तं खरी. त्याचंबी काही असन."

"काय असन? बहीण देते का कोणी?"

तो म्हशीची धार काढायला उठून गेला.

५ फेब्रुवारी

त्या अ‍ॅनिमेत नदीचं पाणी मात्र काय काढलंय! त्याचाच जास्त राग येतो.

९ फेब्रुवारी

दादा त्या दिवशी का उठून गेला ते आज कळलं. सोजराआत्या डोणगावचं स्थळ घेऊन आली. साटंलोटं. त्यांची अन्नपूर्णा आमच्या निवृत्तीदादाला, मी तिच्या भावाला, उत्तमला. मुलगी मिळेल, पण मुलगी देऊन. दादा चौतीस वर्षांचा. शेती करतो म्हणून सगळ्यांनी नाकारला.

आत्या म्हणाली, "शालू, तुह्या एका हो वर दोन घरं उभी राह्यतेत."

माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. आई म्हणते, "शिकवतीन न ते." कोण शिकवतं! मला नाही करायचं हे लग्न. नाही म्हणजे नाही.

११ फेब्रुवारी

दुसरा भाग. बहीण नावेतून मागे वळून बघते, भाऊ काठावर उभा. बस, एवढंच दाखवत राहतात. मी म्हटलं, "बनवणारे कसाई आहेत!"

दादानं मोबाईल उलटा ठेवला. "मी आत्याले 'नाही' म्हणून सांगतो. तू भेऊ नको. माह्यं काय, इतके दिवस गेले तसे जातीन." आणि हसला.

भांडला असता तर बरं झालं असतं. हसणाऱ्याशी काय भांडायचं?

१३ फेब्रुवारी

पाहुण्यांसमोर घालायला आणलेला नवा शर्ट दादानं पिशवीसकट कपाटात ठेवून दिला.

१८ फेब्रुवारी

तिसरा भाग एकटीनंच पाहिला. दादा हरभऱ्यात होता.

लिहायला लाज वाटते, पण मत बदलतंय. त्या भावाला कुणी धमकावत नाही. गाव नुसतं मागे उभं असतं. कुणी हात लावत नाही, कुणी बोलत नाही. हे त्यांनी बरोब्बर काढलंय. आमच्याकडेही आता कुणी काही विचारत नाही. बाबा मलाच आधी वाढायला सांगतात. आई माझे आवडते शेंगोळे करते.

२१ फेब्रुवारी

सकाळी हो म्हणाले. कुणी न विचारता, चुलीपाशी. आई रडायलाच लागली. बाबांनी लगेच फोन लावला, आणि डोणगावची चार माणसं दुपारी जीप करून आली. सुपारी फुटली. आता माघार नाही.

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. पण नंतर गोठ्यात शीळ घालत होता! किती वर्षांनी! मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कॉलेजचं बघू.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

पाहुणे परत निघाले आणि अनोळखी नंबरवरून फोन. अन्नपूर्णा! तोंडाशी पदर धरल्यासारखी बोलत होती.

"ताई, तुमचे पाय धरतो, तुम्ही नाही म्हणून द्या. मले नाही करायचं. इथं कोणी ऐकत नाही. म्हणतेत, तिकडची पोरगी नाही म्हणाली तरच मोडते. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही नाहीच म्हणसान, हाव न?"

जीप अजून डोणगावला पोचली नव्हती. सुपारी फुटल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.