विजेवर हाललेलं बोट

अकोला, मंगळवार, मार्च १९६१

डाव्या हातानं खरडतोय. उजव्यातला जीव गेलाय. आज दवाखान्यात त्याला विजेच्या पट्ट्या बांधल्या, विजेच्या पेटीचं बटण दाबलं, आणि बोट टेबलावर टकटक वाजू लागलं. उभी उमर तारघरात गेलेली. सवयीनं मी त्या टकटकीतून संदेश वाचू लागलो! मूर्ख. संदेश कसला? वाजवत होती पेटी. बटण बंद, बोट आडवं.

पण बायकोनं ते पाहिलं. घरी येताच गल्लीत गूळ वाटला, "यांचं बोट हालून राह्यलं!" लगेच शेजारीण दारात. "हालवून दाखवा ना भाऊ, आमाले बी पाहू द्या."

ते बोट हालवलं विजेनं, मी नाही. काय दाखवू, कप्पाळ?

संध्याकाळी बायकोनं चहाचा कप मुद्दाम माझ्या उजवीकडे ठेवला आणि समोर बसून राहिली. शेवटी गार चहा तिनंच मोरीत ओतला.