रणधीरची खोली

३ फेब्रुवारी
खोली मिळाली! येडशीत, स्टेशनजवळ. क्लासच्या ज्ञानोबा सरांनी ओळखीतून लावून दिली. तामलवाडीत खाली वडिलांचं, अण्णांचं किराणा दुकान, वर आम्ही. दिवसभर 'उमाशंकर, साखर तोल, उमाशंकर, पोतं उचल' — तिथं जावा प्रोग्रामिंगचा अभ्यास होणं शक्यच नव्हतं. परीक्षा मार्चअखेर, सोलापूरला. पुण्याच्या कंपनीनं सांगून ठेवलंय — आधी सर्टिफिकेट, मग नोकरी.

घरात लिंबाजी आबा आणि कस्तुराबाई, दोघंच. खोली त्यांच्या मुलाची, रणधीरची. तोही कॉम्प्युटरच शिकलेला. "गेला," एवढंच म्हणाल्या. पुढं विचारवलं नाही.

६ फेब्रुवारी
रामलिंगाच्या रानातली माकडं सकाळपासून पत्र्यावर. इंटरफेस आणि अॅबस्ट्रॅक्ट क्लास — अजून घोळ.

११ फेब्रुवारी
मी वाचत बसलो की कस्तुराबाई उंबऱ्यात येऊन बसतात. न मागता चहा. "मोठ्यानं वाच की. घरात आवाज पाहिजे." त्यांना काय कळत असेल एक्सेप्शन हँडलिंग! पण मान हलवतात, अगदी बरोबर जागी.

पोरगा वारला तर भिंतीवर फोटो असतोच. इथं एकही नाही.

१५ फेब्रुवारी
माझे कपडे वाळले नव्हते. खाटेवर इस्त्रीचा चौकड्याचा शर्ट ठेवलेला. घातला. खांदे, बाह्या — मापाचा! आबांनी बघितलं आणि चहा तसाच ठेवून रानात गेले.

२१ फेब्रुवारी
"रणधीर, जेवायला ये."

कस्तुराबाईंची जीभ घसरली असेल म्हणून वाचत राहिलो. परत हाक आली, तशीच. गेलो.

मी दुसरीत असताना आई वारली. श्रीदेवीताई ताट झाकून ठेवायची, दुकानातून येऊन मी खायचो. 'जेवायला ये' अशी हाक मला कुणी मारलेली आठवत नाही. दोन भाकरी जास्त गेल्या.

२८ फेब्रुवारी
शेजारच्या इरम्मा मावशींनी फाटकाशी थांबवलं. "काय रणधीर, अभ्यास कुठवर आला?" हसल्या नाहीत. थट्टा वाटली नाही. आबा शेजारीच उभे — खाली बघत.

"चाललाय," म्हणालो मी.

५ मार्च
ताईचा फोन. "अरे, काल कुठं होतास? एका बाईनं उचलला. म्हणाल्या, उमाशंकर नावाचं इथं कुणी न्हाय."

काल अंघोळीला गेलो तेव्हा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. कस्तुराबाईंना विचारलं. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "व्हय, आला होता. राँग नंबर."

मी हसलो. मग खोलीत येऊन चार्जर उशाशी लावला.

९ मार्च
बॅग भरली. सरांना कळवलं, घरूनच अभ्यास करतो म्हणून. फाटकाशी आबा आडवे आले. महिन्याभरात पहिल्यांदाच इतकं बोलले —

"परीक्षेपर्यंत राहा, बाबा. लई दिवसांनी ती पोटभर जेवायलीय."

"आबा, त्या मला रणधीर समजतात."

"मला ठावं हाय."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना!"

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली.

१६ मार्च
सराव परीक्षेत ब्याऐंशी टक्के! मग वर नाव दिसलं. रणधीर. मीच टाइप केलेलं. कधी, ते आठवत नाही. बदलता आलं असतं.

२४ मार्च
पास!!

सकाळी कस्तुराबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. सेंटरवर बाईंनी "उमाशंकर" म्हणून पुकारलं, मी बसलेलाच. शेवटी त्यांनी आधार कार्ड बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्हीच ना?"

पास झाल्यावर पहिला फोन येडशीला केला. त्या फोनवरच रडायला लागल्या. ताईला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा सकाळपासून दुकान बंद करून फोनपाशी बसलेत रे."

२६ मार्च
पुण्याहून ईमेल — सोमवारी रुजू व्हा. कस्तुराबाईंना सांगायला गेलो. "पुढची परीक्षा कधी हाय?" त्यांनी विचारलं. आहे एक, म्हणालो. पुस्तक उघडून बसलो.

२७ मार्च
दुपारी फाटक वाजलं. पाठीवर सॅक, माझ्याच वयाचा, माझ्याच अंगाचा. "आई, मी आलो. रणधीर."

जिवंत आहे तो! घर सोडून गेला होता, एवढंच.

आबा धडपडत उठले. कस्तुराबाई जागच्या हलल्या नाहीत. "कोण पाहिजे तुमाला? आमचा रणधीर आत अभ्यास करायलाय." आणि मान वळवून हाक मारली — "रणधीर!"

तो खिडकीतून माझ्याकडं बघत होता.

मी ओ दिली.