नव्या मशीनचा चौकोन

३ जानेवारी
आजपासून रोज डायरी. मोठ्या उद्योजकांना पुढे लोक विचारतात, सुरुवात कशी झाली? तेव्हा आठवत नाही अशी पंचाईत नको.
सरकारने छोट्या कारखानदारांसाठी योजना काढली आहे. नवं मशीन घ्या, निम्मा खर्च सरकारचा. बिजागऱ्यांचं महत्त्व शेवटी कुणाला तरी कळलं. बिजागरीशिवाय दार म्हणजे नुसती फळी. हे मी घरात कितीदा सांगितलं असेल, पण घरात माझं ऐकतं कोण!

५ जानेवारी
उद्योग कार्यालयात जाऊन आलो. खिडकीतल्या बाईंनी माहितीपत्रक दिलं. अटी नीट वाचा म्हणाल्या. अटी घाबरट लोक वाचतात. मी सरळ मुद्द्याचं विचारलं, साहेब पाहणीला आले की काय बघतात? म्हणाल्या, बरंच काही बघतात, नव्या मशीनला जागा आहे का तेसुद्धा. पुढेही काहीतरी बोलत होत्या. मला हवं ते मिळालं होतं.
जागा हीच तर अडचण. शेडच्या मधोमध वडिलांच्या वेळचा प्रेस. पायडल दाबलं की कण्हतो आणि मग बिजागरी देतो.

८ जानेवारी
प्रेस हलवला. मेहुण्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे पत्र्याखाली ठेवला. तो म्हणाला, भाऊजी, नवं येईपर्यंत तरी जुनं चालू द्या की. पंक्चर काढणाऱ्याला सरकारी पाहणीतलं काय कळणार? त्याची बहीण त्याच्याच वळणावर. म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी दुर्लक्ष केलं.
प्रेस उचलताना दोनदा परत खाली ठेवला, खोटं कशाला बोलू. वडील त्याच्या शेजारी बसून डबा खायचे. पण भावनेवर उद्योग चालत नाही.

१० जानेवारी
शेडला रंग दिला. कॅटलॉगमधून नव्या मशीनची मापं घेऊन फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने चौकोन आखला. अप्रतिम. बायकोला दाखवायला नेलं तर ती चौकोनात उभी राहिली. पेंट ओला होता. काही माणसांना दूरदृष्टी म्हणून नसतेच.

१५ जानेवारी
फर्निचरवाला येऊन गेला. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. माल कधी देताय, म्हणाला. मी सांगितलं, ऑटोमॅटिक मशीन येतंय, जरा दम धरा. तो चौकोनाला एक फेरी मारून आला आणि विचारतो कसा, यातून बिजागऱ्या उगवणार का? हसत हसत गेला. येईल परत. माझ्याशिवाय आहे कोण त्याला?

२ फेब्रुवारी
साहेबांचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे पाहणीचा कार्यक्रम वरून येतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब! संताप संताप झाला. शेडमध्ये दुसरं काही करावं तर फरशी घाण होते. दिवसभर चौकोनाबाहेर खुर्ची टाकून बसलो. कंबर धरली.
बायको हल्ली रोज दुपारी भावाकडे जाते. वहिनीला मदत करत असणार. परतते तेव्हा नखांत ऑइल असतं. वहिनीचं शिलाई मशीन फारच जुनं दिसतंय.

२० मार्च
मेहुण्याच्या दारात फर्निचरवाल्याचा टेम्पो. सायकल दुरुस्तीला एवढा मोठा टेम्पो? ज्यांना व्यवहार कळत नाही ते असाच खर्च करतात.

११ एप्रिल, सकाळी
साहेब आज येणार! इस्त्रीचा शर्ट. बायकोला म्हटलं, शेडमध्ये थांब, जरा वजन पडतं. म्हणाली, आज मला भावाकडे थांबायलाच हवं. ऐन लढाईच्या दिवशी!

११ एप्रिल, दुपारी
साहेब आले. काय बनवता? बिजागऱ्या. कशावर? म्हटलं, तुम्ही देणार त्या मशीनवर. साहेबांनी चौकोन पावलांनी मोजला. मग म्हणाले, योजना चालू कारखान्यांसाठी आहे, पहिलीच अट आहे, इथे तर पंखासुद्धा चालू नाही. मी ताबडतोब पंखा लावला. उपयोग झाला नाही. जागा मात्र झकास ठेवलीत म्हणाले. अर्ज नामंजूर.
पुढची पाहणी जवळच आहे म्हणून घाईत होते. सायकलच्या दुकानामागे.

१२ एप्रिल
जाऊन पाहिलं. पत्र्याखाली बायको स्टुलावर, पाय पायडलवर, शेजारी बिजागऱ्यांचा ढीग. अर्ज तिच्या नावावर. साहेब खूश होऊन गेले म्हणे. मी खूप ओरडलो. सांगितलं का नाहीस? म्हणाली, दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात की योजनेचा विचार चालू असताना बिजागऱ्यांचं बोलू नकोस.
असं मी म्हणालो असेन. मोठ्या विचारात माणूस बोलून जातो. पुढे आणखी ओरडणार होतो, पण तिने पायडल दाबलं आणि प्रेस कण्हला. मेहुण्याने चहा मागवला. घेतला.

३० जून
नवं मशीन आलं. मेहुण्याच्या पत्र्याखाली मावेना. शेवटी माझ्या शेडमध्ये आणलं. चौकोनात बरोब्बर बसलं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. सगळे मशीनकडे बघत होते. चौकोनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
जुना प्रेसही परत आला. कोपऱ्यात ठेवलाय. बायको नवं मशीन चालवणार, जुन्यावर मी. ती म्हणाली, फर्निचरवाल्याला घाई आहे, उद्या सकाळी नऊला कामाला लागा. मी अकराच्या आत शेडमध्ये कधी गेलो नाही. स्पष्ट सांगितलं, यायची वेळ मालक ठरवतो.
म्हणाली, म्हणूनच सांगतेय, नऊ.
आज एवढंच लिहितो. लवकर उठायचंय.