मॉनिटरवर जावयाचा मान

४ फेब्रुवारी १९९१, सोमवार. सेलू.
आजपासून तंबाखू बंद. डबी स्वतःच्या हाताने खिडकीतून परसात फेकली. चुना ठेवला. चुन्यात कॅल्शियम असतं.
शनिवारपासून जनगणनेची ड्यूटी. देवगाव फाट्याकडच्या वस्त्या माझ्या वाट्याला. तालुक्यात पहिला नंबर आपला, हे ठरलं. बाकीचे मास्तर आठ दिवस नकाशे उलटेसुलटे धरून बसतील.

दुपारी ३.
शेजारच्या किराणा दुकानात झरीहून, म्हणजे सासरवाडीहून फोन. सासऱ्यांना हार्ट अटॅक. परभणीला खाजगी दवाखान्यात ठेवलंय. दैवशाला मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी बायकोला शांतपणे सांगितलं की रडण्याचा हार्टला काही उपयोग नसतो. दोन्ही घरांत मिळून मी एकटाच बी.एस्सी. बेडकाचं हृदय स्वतः कापून पाहिलंय. त्याला तीन कप्पे, माणसाला चार. म्हणजे माझ्या माहितीबाहेर राहिला तो एकच कप्पा.
डबी परसातून शोधून आणली. प्रवासात डोकं शांत पाहिजे.

५ फेब्रुवारी. परभणी.
इथे आयसीसीयू, म्हणजे हार्टच्या पेशंटांचा अतिदक्षता विभाग आहे. दिवाळीतच उघडलंय. चार कॉट, काचेचं दार, आत गारेगार. बाहेर व्हरांड्यात आख्खी झरी येऊन बसलेली. सासरे, म्हणजे आमचे मामा, मुंजाजीराव, दोन नंबरच्या कॉटवर. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाइन, छातीवर वायरी. वायरी चिकटाव्यात म्हणून छातीचे केस भादरलेत. एवढा मोठा माणूस, पण काय अवस्था!
मला पाहून त्यांनी डोळे मोठे केले. बोलले नाहीत. मास्कमुळे असेल. तसे ते तीन वर्षं माझ्याशी 'या, बसा' याच्यापुढे बोललेलेच नाहीत. कारण लिहून ठेवतो. माझा मेहुणा दत्तराव, त्याच्या लग्नात मला, थोरल्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. मी भरल्या मांडवातून उठलो. दैवशालाला सहा महिने झरीलाच ठेवलं, आणि त्यांच्या गावच्या लिंबाजीच्या तोंडून निरोप धाडला की पुन्हा असं झालं तर पोरगी कायमची तिकडंच. तत्त्वाचा प्रश्न होता. चूक कुणाचीही होते, पण माणसाने कबूल करायला पाहिजे. मामांनी एकदा माझ्यासमोर 'चुकलं' म्हटलं की विषय संपला. ते त्याआधीच गेले तर प्रश्न तसाच लोंबकळत राहील. म्हणून त्यांनी जगणं फार गरजेचं आहे.
सिस्टरचं आडनाव ननवरे. मी ओळख दिली: थोरला जावई, सायन्स टीचर. त्या म्हणाल्या, चपला बाहेर काढा.

६ फेब्रुवारी.
मॉनिटरचा अभ्यास पूर्ण. टीव्हीसारखा डबा, त्यात हिरवी रेघ उड्या मारत पळते. बाजूला आकडा, म्हणजे मिनिटाला किती ठोके. ननवरे सिस्टर समजावून सांगायला लागल्या, मी म्हटलं, समजलं. रेघेच्या उड्यांची नावं पी, क्यू, आर, एस, टी. म्हणजे एबीसीडीच, मधूनच सुरू केलेली.

सायंकाळी.
शोध लागला! लगेच लिहून ठेवतो. मी आत गेलो तेव्हा आकडा ७६ होता. कॉटजवळ जाऊन म्हटलं, मामा, मी पंडित. आकडा चढायला लागला. ८८. ९५. १०४! बाहेर आलो, काचेतून पाहिलं, तर हळूहळू उतरला. मग दत्तराव आत गेला. पोटचा पोरगा. आकडा जागचा हलला नाही. मग सासूबाई कस्तुराबाई गेल्या. एवढ्या वर्षांचा संसार. ७४! उलट कमीच झाला.
यंत्र खोटं बोलत नाही. तोंडाने कबूल करवत नाही माणसाला, पण काळजाचं काय करणार? आतून मामा मला किती मानतात हे आज हिरव्या अक्षरांत दिसलं. तीन वर्षं उगाच मनाला लावून घेतलं.
दैवशालाला सांगितलं. ती म्हणाली, सरका, मला बापाजवळ बसू द्या.

७ फेब्रुवारी.
लिंबाजी ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आला. सगळ्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मीच व्हरांड्यात माहिती दिली. ईसीजी म्हणजे काय, सक्शन मशीन कशाला, जिभेखालची गोळी का चघळायची नसते. डिफिब्रिलेटर समजावणं अवघड, पण मी सोपं केलं. ट्रॅक्टर बंद पडला की ढकलून चालू करतात ना, तसा हार्टला धक्का, फक्त विजेचा. लिंबाजीने विचारलं, अन् लाइट गेली तर? या माणसाला शास्त्रीय दृष्टीच नाही.
मग म्हणतो, गुरुजी, तुमी आत गेलात की ते मशीन बोंबलतंय ते कामून? मी सांगितलं, ठोके ठरावीक आकड्याच्या वर गेले की अलार्म वाजतो. माझ्यासाठी ती एक प्रकारची सलामीच. दत्तराव उठून निघून गेला. जळतो बिचारा.
निर्णय: हार्ट कमजोर झालंय, म्हणजे त्याला चालना पाहिजे. उद्यापासून भेटीची वेळ असो नसो, आत जायचं. जमेल तितक्या वेळा.
तंबाखू फक्त जेवणानंतर. चहा हेही जेवणच धरलं आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार.
जनगणना सुरू झाली. मी सोडून. हेडमास्तरांना निरोप धाडला: सासरे सीरियस, उपचारात माझा सहभाग आहे. सोमवारी जाऊन सगळ्या वस्त्या एका झपाट्यात उरकीन. इथे एकेक ठोका मोजलेल्या माणसाला माणसं मोजणं काय अवघड?
सिस्टर आज डॉक्टरांना सांगत होत्या की औषध चालू असताना पेशंटची मध्येच टॅकी होते, कारण कळत नाही. टॅकी म्हणजे टॅकीकार्डिया, ठोके जलद होणं. मी पुढे होऊन म्हटलं, कारण मला विचारा. कुणी विचारलं नाही.
बसवत नाही. व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे. बायनाबाई झाडूवाली म्हणाली, मास्तर, एका जागी ऱ्हावा की, झाडू कुठं मारू मी?

१० फेब्रुवारी, रविवार.
डॉक्टरांनी शेवटी प्रयोग केला. मला पडद्यामागे उभं केलं. आकडा शांत. मग पडदा सरकवला. ११२! बीपीसुद्धा वर. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी दैवशालाकडे पाहिलं. मी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं.

संध्याकाळी काचेच्या दारावर चिठ्ठी लागली: दोन नंबरच्या पेशंटच्या जावयाला आत सोडू नये.
पहिल्यांदा वाचून कान तापले. मग लक्षात आलं. डोस जास्त होतोय! ॲड्रिनलिनचं इंजेक्शन इमर्जन्सी ट्रॉलीत राखून ठेवतात, येता-जाता टोचत नाहीत. तसं मला राखून ठेवलंय. हे व्हरांड्यात सर्वांना नीट समजावलं. लिंबाजी म्हणाला, म्हंजी गुरुजी, तुमी आता ट्रॉलीत. सगळे हसले. मीही हसलो, थोडा.

१२ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
उपास. साबुदाणा, रताळी, भगर, आणि शेंगदाण्याचा लाडू कुणीतरी दिला म्हणून. तेलकट बंद करण्याचा निश्चय उपासामुळे पुढे ढकलला. तंबाखू उपासाला चालते.
हेडमास्तरांचा दुसरा निरोप. भाषा बरी नाही. उद्या जातोच.
काचेला नाक लावून पाहिलं. दैवशाला बापाला चमच्याने पाणी पाजत होती. आकडा ७२. माझ्याविना कसंतरी चाललंय. सिस्टर बाहेर आल्या, त्यांना विचारलं, बोलायला लागले का? हो म्हणाल्या. काय बोलले? सिस्टरनी आधी काचेचं दार नीट लावून घेतलं. मग म्हणाल्या, सकाळपासून एकच विचारतात, जावई हाईत का गेले?
डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं कशाला लिहू.
भाषण तयार केलं. मामा, झालं ते झालं. तुमच्या तोंडून एक शब्द आला की पुरे, मी मनात काही ठेवणार नाही. इथे ते रडतील. मी त्यांना थांबवीन. हार्टला बरं नसतं.

१४ फेब्रुवारी.
कालही सेलूला गेलो नाही. आजचं लिहिणार नव्हतो, पण नोंद असावी.
दुपारी सिस्टर एक नंबरच्या पेशंटला बेडपॅन द्यायला वळल्या. दैवशाला औषधाला गेली होती. मी आत शिरलो. मामा जागे. मॉनिटर ९०. मग ११०. मग १२८. माझा ऊर भरून आला. मी भाषणाला सुरुवात केली. मामांनी मास्क बाजूला केला, ओठ हलले आणि दोन्ही हात वर उचलले. मला वाटलं, मिठी मारतात.
तेवढ्यात रेघ सपाट! अलार्म कर्कश वाजायला लागला. मी ओरडलो, गेले! गेले! भिंतीवरच्या तक्त्यात दाखवलंय तसा गुडघा कॉटवर टेकवला आणि दोन्ही तळव्यांनी छाती दाबायला लागलो. एकदाच दाबली. मागून कॉलर धरून ननवरे सिस्टरनी खाली ओढलं. म्हणाल्या, इलेक्ट्रोड निघालाय, माणूस नाही गेला! डोळे उघडे दिसत नाहीत का?
उघडे होते. माझ्याकडेच पाहत होते.
छातीवर केसांचे खुंट आले की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. तांत्रिक दोष. डॉक्टरांनी तपासलं, मामांना इजा नाही. मी सगळ्यांना सांगितलं की अलार्मच्या आवाजात मामा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

१५ फेब्रुवारी.
ऐकू आलं होतं.
हात उचलले ते जोडायला. त्यातच वायर ओढली गेली. म्हणाले, जावईबापू, पंगतीची माजी चूक झाली. पाया पडतो. पर पोरीला माघारी सोडू नका. त्याच्यासाटीच आलात न्हवं?
म्हणजे चूक कबूल केली. माझ्या तोंडावर, स्पष्ट शब्दांत. तीन वर्षं मला एवढंच पाहिजे होतं. सकाळपासून आनंद होण्याची वाट पाहतोय.
दैवशाला मला जिन्याखाली घेऊन गेली. ठोके कशाने वाढतात ते डॉक्टरांनी तिला त्या प्रयोगाच्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाली, तुमी दारात दिसलात की बापाला वाटतंय, आला हा पोरीला आणून सोडायला. भ्यानं काळीज तोंडाला येतंय त्यांचं. अन् तुमी भायेर आकडे सांगत फिरायलात! लय हौस हाय ना तुमाला मोजायची? मंग मला सांगा, सहा महिने मी झरीला होते, तवा माझे ठोके कुणी मोजले?
मी म्हटलं, तेव्हा मॉनिटर नव्हता. हे कशाला बोललो कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.
ती वर गेली. मी तिथेच उभा. भूक नव्हती. व्हरांड्यात लिंबाजी कुणाला तरी डिफिब्रिलेटर समजावून सांगत होता, माझंच ऐकून. थांब रे बाबा, म्हणावंसं वाटलं.

१९ फेब्रुवारी.
डिस्चार्ज. डॉक्टरांनी मामांना पथ्य सांगितलं. मीठ कमी, बिडी बंद, जिना चढायचा नाही, आणि... मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि थांबले.
दत्तरावने जीप आणली होती. दैवशाला पिशवी घेऊन मागे बापाशेजारी बसली. म्हणाली, महिनाभर झरीला ऱ्हाते. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, रहा. जरा मोठ्याने म्हटलं, मामांना ऐकू जावं म्हणून. आणि सांगितलं की मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पटावं असं मी काही केलेलंही नाही.
जीप लवकर सुरू होईना. मामांनी मला पाहून पुन्हा हात जोडले. मी मान हलवली, नको नको असं हातानेही सांगितलं. ते हसले, पण हात तसेच. सलाइनच्या सुयांनी मनगटं काळीनिळी झालेली, आणि ती थरथरत होती. दैवशालाने खाली घ्या म्हणून सांगितलं, तरी घेईनात. मी बघत होतो तोवर ते खाली घेणार नव्हते.
म्हणून मी पाठ फिरवली आणि जीप जाईपर्यंत मेडिकलच्या पाटीकडे तोंड करून उभा राहिलो.