तीन कप्प्यांतली एकच तक्रार

ता. ९ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तू कशी आहेस? आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मजेत कुणी नाही. फोन तू उचलत नाहीस. परवा दारावर आले, तर बेल वाजवून वाजवून शेवटी तुझ्या शेजारच्या काकूच बाहेर आल्या. म्हणून हे पत्र. फाडू नकोस, एकदा वाच.

काकू सांगत होत्या, तू डोळे तपासून आलीस. डॉक्टर म्हणाले नंबर तोच आहे, तरी तुझं आपलं एकच, माझेच डोळे गेले. आत्या, तुझे डोळे धडधाकट आहेत. सांगते ऐक.

आमच्या हेल्पडेस्कवर काम कसं चालतं ते तुला कुठून ठाऊक असणार, तू कायम फोनच्या पलीकडे. हॉस्पिटलच्या कुठल्याही विभागातून फोन आला की आम्ही तक्रार लिहायची, तिला प्रिंटर, स्क्रीन नाहीतर नेटवर्क असा एक कप्पा द्यायचा आणि झटपट बंद करायची. बंद केली म्हणजे सुटली असं नव्हे हं. नुसती बंद. जो जास्त बंद करील तो हुशार. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे गुळगुळीत म्हणतो. ते महिनाअखेरीला हा आकडा वरच्यांना दाखवतात आणि शाबासकी घेऊन येतात. मला त्या खोलीचा इतका वीट आलाय की तिथला चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

लॅबमधल्या तुझ्या काउंटरवरून रक्ताच्या नळीवर भलत्याच पेशंटचं लेबल गेलं, एका आजोबांना साखर नसताना साखर उतरवायचं इंजेक्शन दिलं गेलं आणि ते मरता मरता वाचले, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, बाईंचं वय झालं. मला काही पटेना. माझ्या शाळेच्या वह्यांवरसुद्धा तू नाव घालून दोनदा वाचायचीस! म्हणून मी लॅबच्या सगळ्या जुन्या तक्रारी काढल्या आणि कप्पे विसरून नुसत्या वाचत बसले.

प्रिंटरच्या कप्प्यात कुणीतरी म्हटलेलं, "मशीन मागच्याच माणसाचं लेबल पुन्हा काढतं." स्क्रीनच्या कप्प्यात, "पडद्यावर एक नाव, लेबलवर दुसरं." नेटवर्कच्या कप्प्यात, "लेबल अडकतं आणि मग भलतंच येतं." तिघं तीन तऱ्हांनी तेच रडत होती आणि आम्ही त्यांना तीन खोल्यांत कोंडलं होतं. एकत्र ठेवल्यावर दिसलं, सगळ्या तक्रारी सकाळच्या गर्दीतल्या, दोन्ही काउंटर चालू असतानाच्या. मी दुरुस्तीवाल्याला घेऊन लॅबमध्ये गेले. त्याने एका काउंटरवर एका नावासाठी बटण दाबलं, मी त्याच क्षणी दुसऱ्यावर दुसऱ्या नावासाठी. दोन्हीकडून एकच नाव छापून आलं. तो म्हणाला, "आयला!" मी तशीच धावत तक्रारींच्या ढिगाकडे परत गेले.

कारण त्या ढिगात तुझ्याही तक्रारी होत्या, त्या प्रकरणाच्या कितीतरी आधीच्या. "मी दाबते एक, छापतं दुसरंच. मला वेड लागलंय की तुमच्या मशीनला, एकदा येऊन बघा तरी." खाली आमचं उत्तर, "वापरणाऱ्याची चूक. समज दिली." समज दिली म्हणे! शी! तुला!

गुळगुळीतांकडे गेले. ते तोंडात पेपरमिंट घोळवत म्हणाले, "छान काम केलंस. मशीन दुरुस्त करून घेऊ. पण या तक्रारी एकमेकींना जोडू नकोस. जोडल्या की आपण आधीपासून डोळेझाक केली असं दिसेल. आणि तुझ्या आत्याबाईंचं प्रकरण मिटतच आलंय." ती पेपरमिंट घशात अडकून मरावा मेला, असं मनात आलं.

साहेबाचा राग राग करणं सोपं असतं गं. तो कुठे आपला असतो?

आता मघापासून टाळतेय ते लिहिते. हे सगळं मी त्याच संध्याकाळी जेवताना बाबांना सांगितलं. बटण, लेबल, तुझ्या तक्रारी, सगळं. बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "तू कुणाला बोलू नकोस. ती माझी बहीण आहे, मी स्वतः जाऊन सांगतो." मला केवढं बरं वाटलं! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुझ्याकडे आले, तुझ्याजवळ बसले आणि चूक माझ्याच हातून झाली, अशा कागदावर तुझी सही घेऊन गेले. कबूल केलंस तर पेन्शन तरी वाचेल, असं तुला म्हणाले. दादा म्हणतोय म्हणून तू सही केलीस.

आत्या, सही घेताना बाबांना माहीत होतं.

मी जाब विचारला तर वर तोंड करून म्हणतात, "तिची नोकरी संपतच आलीय, तुझं सगळं पुढे आहे. साहेबाशी वैर घेतलंस तर तुला कोण ठेवील?" माझ्यासाठी केलं म्हणे! ते ऐकून तर जास्तच किळस आली. बाबांची आली आणि माझ्या त्या नोकरीचीही आली.

सगळ्या तक्रारी जोडून, खाली माझं नाव घालून मी तुझ्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या डॉक्टरबाईंना दिल्या. गुळगुळीतांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय. बरंच झालं, सुटले. पण डॉक्टरबाई म्हणतात, "तुमच्या आत्यांनी स्वतः चूक कबूल केलीय. त्या सही मागे घेत नाहीत तोवर माझे हात बांधलेले आहेत." निकाल शुक्रवारी आहे. सही मागे घेताना ती कुणी घेतली हेही सांगावं लागेल, आणि दादाचं नाव घ्यायला नको म्हणून तू गप्प बसशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. बसू नकोस गं. शुक्रवारी सकाळी मी तुला न्यायला येते. या वेळी दार उघड.

पाकीट बंद करण्याआधी हे पत्र मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी सगळं वाचलं. नाकारलं काहीच नाही. नुसते म्हणाले, "एक वाक्य तेवढं खोड. ते वाचलं तर ती मला पुन्हा दादा म्हणणार नाही."

मी खोडलेलं नाही.

तुझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली,
तुझी भाची