एकात एक भोकं

आई, परवा नांदेडला मी जिंकले. दहा मीटर एअर रायफल, मोठ्या वयाच्या बायकांचा गट, पहिला नंबर. हे तुला आधी सांगायचं होतं, बाकीचं आता सावकाश लिहिते.

लातूरचा तो हॉल आठवतो. लग्नसराई संपली की मंगल कार्यालयवाले जेवणाचा हॉल आपल्याला वापरू द्यायचे. एका भिंतीला कागदाची टार्गेटं, दुसऱ्या टोकाला आम्ही पाच-सहा पोरी, आणि आमच्या पाठीमागं येरझाऱ्या घालणारी तू. शाळेत तू खेळाची बाई, हॉलमध्ये आमची कोच, आणि घरी चुलीपुढं बसलीस तरी कोचच. मी अकरावीत होते, राज्य स्पर्धेची निवड तोंडावर आली होती आणि माझा नेम काही केल्या बसत नव्हता. हात स्थिर, श्वास नीट, तरी भोक कधी काळ्या ठिपक्याच्या मधोमध पडायचं तर कधी पार कडेला. तुझं एकच म्हणणं, "ट्रिगर ओढून राहिलीस तू. दाब. ओढू नको." एकदा तर भाकरी थापता थापता माझं बोट धरलंस आणि परातीच्या काठावर दाबून दाखवलंस, कसं दाबायचं ते. मी भीत भीत म्हणाले, "आई, छर्ऱ्यांचं काही असंल का?" तू उसळलीस. "तेच छर्रे मारून पोरी पदकं आणतेत. छर्ऱ्याला नावं ठेवती व्हय? लई शहाणी झालीस!"

पिवळ्या डब्यातले ते छर्रे सगळ्या क्लबसाठी तूच निवडले होतेस. नावाजलेले होते, वाईट नव्हतेच. पण नांदेडला मैत्रीचा सामना झाला तेव्हा तिथल्या एका पोरीनं मला सांगितलं की प्रत्येक रायफलीच्या नळीची आवड वेगळी असते, एकीला मानवतात ते दुसरीला मानवतीलच असं नाही. तिनं तीन प्रकारचे मूठमूठ छर्रे मला पुड्यांत बांधून दिले. सगळे सपाट तोंडाचे, दिसायला सारखे. फरक केसाएवढा, कुणी जरासा जड, कुणाचं डोकं जरासं जाड.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत असताना मी हॉल उघडला. सुताराकडून लाकूड आवळून धरायचा शिकंजा मागून आणला आणि रायफल जुन्या चादरीत गुंडाळून त्यात घट्ट आवळली. आता हात हलला म्हणायला जागाच नव्हती. पिवळ्या डब्यातले पाच मारले. भोकं सगळीकडं विखुरली. पहिल्या दोन पुड्यांतले मारले, तीच गत. तिसऱ्या पुडीत जाड डोक्याचे होते. पाचही एकात एक गेले, कागदाला जणू एकच भोक. मी तो कागद हातात घेऊन उभी होते, आणि दारात तू.

"हे काय करून राहिलीस?"

मी सगळे कागद पुढं केले. तू चष्मा लावलास, ते उजेडाला धरलेस. "परत मार," म्हणालीस. मारले. तसंच झालं. मग मला बाजूला सारून तू स्वतः मारलेस, आधी पिवळ्या डब्यातले, मग जाड डोक्याचे. कोचला मी खोटं पाडत होते आणि तीच कोच संध्याकाळी मला जेवायला वाढणार होती. तू वळलीस आणि खो खो हसायला लागलीस. "अगं बाई, महिनाभर मी तुझ्या बोटाला शिव्या देऊन राहिले की!" संध्याकाळी सगळ्या पोरी जमल्यावर तू आवाज चढवून म्हणालीस, "माझं चुकलं होतं. कोणत्या रायफलीला कोणते छर्रे लागतेत ते आजपासून ही बघून सांगल." निवडीत माझा पहिला नंबर आला, पण आई, खरी जिंकले ते त्या संध्याकाळी.

तू गेल्यावर रायफल माळ्यावर पडली ती पडलीच. नोकरी, संसार, पोरांच्या परीक्षा. मागच्या काही वर्षांत पुन्हा हातात घेतली. गेल्या महिन्यात माझ्या नेहमीच्या छर्ऱ्यांचा नवा माल आला. नाव तेच, डबा तोच, पण भोकं पसरायला लागली. रेंजवरची पोरं म्हणाली, "ताई, स्पर्धा तोंडावर हाय, आता काही बदलू नका. सवय होईल." मी सरळ रायफल शिकंज्यात लावली. दिवसभर एकेक डबा तपासला आणि कुणी फारसं वापरत नाही असा एक निवडला. नांदेडला अंतिम फेरीत मी आणि हदगावची एक बाई शेवटच्या गोळीपर्यंत बरोबरीत. तिची नऊवर गेली. मी बोट ठेवलं, दाबलं. समोर स्क्रीनवर ठिपका बरोब्बर मधे! पन्नाशीला टेकलेली बाई मी, सगळ्या हॉलसमोर ओरडले, आई.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. तरी एक सांगूनच टाकते. परतताना एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला आला, तर त्यानं न विचारताच मी त्याला पदक दाखवलं. "नेमबाजी? तुम्ही?" "हाव," म्हणाले, "पहिला नंबर." आणि आज सकाळी भाजी आणायला गेले तेव्हाही ते पिशवीत होतं. भाजीवालीनंही विचारलं नव्हतं.