माघारीच्या कागदावरची सही

८ डिसें.
अर्ज भरला. ग्रामपंचायत, वॉर्ड दोन, महिलांची जागा. सूचक म्हणून थोरल्या भावजींची सही. ह्यांनी मोटरसायकलवरून कडेगावला तहसीलला नेलं, आणलं. वाटेत दोनदा विचारलं, नक्की ना? फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, बायकोच्या अर्जाला घाबरतो.
संध्याकाळी देवळात. गावची रीत अशी, की अर्ज कुणीही भरावा, पण भरला की माघारीच्या कागदावर सही करून तो गावकारभारी तात्यांकडे ठेवायचा. मग तात्या आणि चार जाणते ठरवणार, कुणाचा ठेवायचा, कुणाचा काढायचा. तंटा नको, गाव बिनविरोध. रांगेत उभी राहून मीही सही केली. सवयीनं. वडीलधारं दिसलं की पदर सावरतो तशी.

९ डिसें.
अभ्यास. बी.ए. दुसरं वर्ष, मुक्त विद्यापीठ, वय चव्वेचाळीस. धडा: सामाजिक करार. तीनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज. नाव जिभेवर बसत नाही, म्हणून माझ्या वहीत तो ‘करारवाला’. म्हणतो, सत्ता देवाकडून येत नाही, लोकांच्या संमतीनं येते. आणि लोक ती काढून घेऊ शकतात. पुढं एक फ्रेंच: कायदा करणारा, राबवणारा, न्याय देणारा वेगळे हवेत. आमच्याकडे तिन्ही तात्याच, वर जत्रेत पालखीचा मानही त्यांचाच.
मग काल मी दिली ती संमती होती का? नाव कुणाचं राहणार हेच ठाऊक नसताना? स्वतःचाच लय राग आला. लग्न होऊन तेवीस वर्षं. गाव दर वेळी बिनविरोध, म्हणून ग्रामपंचायतीला एकदाही मत दिलेलं नाही.

१० डिसें.
ठरलं म्हणे. तात्यांची सून वैशाली. मी तात्यांकडे माझा कागद परत मागायला गेले.
“सूनबाई, सही केलीस न्हवं? गावाचा शब्द हाय त्यो.”
“गाव म्हंजी कोण तात्या? तुमी पाच जण?”
“लय शिकलीस गं.”
“शिकतीय अजून.”
घरी हे जेवताना ताटाकडे बघून म्हणाले, “फौजेत व्हतो तवा टपालानं मत द्यायचो. आमदारकीचं, खासदारकीचं. बर्फात बसून. हितं पंचायतीला घरात बसून एकदा बी न्हाई.” एवढंच. पुन्हा भाकरी मागितली.

११ डिसें.
तहसीलला विचारलं. माघारीचा कागद उमेदवारानं किंवा सूचकानं हातानं द्यावा लागतो. म्हणजे भावजी! तात्यांनी कागद त्यांच्याकडे दिलाय. उद्या दुपारी तीनपर्यंत मुदत. भावजी मला चुकवतायत. त्यांचा ऊस तोडीला आलाय, आणि तोडकऱ्यांची टोळी आधी कुणाच्या रानात जाणार ते तात्या सांगतात. त्यांची अडचण कळते. तरीही सोडणार नाही.

१२ डिसें.
दहापासून तहसीलच्या पायरीवर. अडीचला तात्यांची जीप. भावजी उतरले, हात खिशावर.
“आवं भावजी, द्यायचा तर द्या. पन माझ्याकडं बघून सांगा, मी माघार घेतली का?”
त्यांनी मान वर केली. “न्हाई घेतलीस.”
“मग?”
“ऊस वाळंल गं माझा.”
भावजी आत गेले नाहीत. समोर टपरीवर जाऊन बसले. एक चहा, दुसरा, तिसरा. तीन वाजले. जीप त्यांना न घेताच गेली. आम्ही दोघं एसटीनं आलो, वेगवेगळ्या बाकांवर. कागद त्यांनी मलाही दिला नाही.
चिन्ह: छत्री.

१५ डिसें.
भावजींच्या रानात टोळी आली नाही. येणारही नाही, असा निरोप. गल्लीत दोघी जणी माझ्याशी बोलेनात. बिनविरोध मोडला म्हणे मी. हो, मोडला.
सकाळपासून आम्ही चौघं, मी, हे, भावजी, जाऊबाई, कोयते घेऊन. तळहाताला फोड. जाऊबाई माझ्याकडे बघतही नाहीत, पण पाणी मात्र आधी मलाच दिलं.

१९ डिसें.
दारात वैशाली. हातात पत्रकं.
“काकी, मला बी कुनी इचारलं न्हवतं. सही कर म्हनाले, केली. आता तुमच्यामुळं दारोदार फिरायला लागतंय.”
“मग माझ्या दारात कशाला?”
“तुमचं मत न्हाई का?”
हसूच आलं. चहा केला. वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारीचं काय करणार, विचारलं. तिला माहीत नव्हतं. खोटं बोलली नाही. जाताना म्हणाली, बघून सांगते. पोरगी बरी आहे. त्यामुळं जरा धास्तीच वाटते.

२० डिसें.
उद्या मतदान. वॉर्डात कुणाचं काय, अंदाज लागत नाही. हे म्हणतात पडशील. पडेन. मतं मोजून पडेन.
दुपारी सासूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वय. आमदारकीला आजवर तात्या सांगतील ते बटण दाबलं.
“सुनंदा, मत कुनाला दिलं ते तात्याला कळतं का?”
“न्हाई.”
“आन् तुला?”
“मला बी न्हाई. कुनालाच न्हाई.”
हात थांबला.
“मंग जरा इचार करू दे मला,” म्हणाल्या.